जाऊबाईंचे हात
फरशी धुवायच्या ॲसिडचा वास आला की मला थोरल्या जाऊबाईंचे हात आठवतात. जाफराबादच्या नव्या घराच्या फरशा त्यांनी एकटीनं ॲसिडनं घासल्या अन् महिनाभर हात चिघळले. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. जखमांतून पिवळं, वास मारणारं पाणी गळायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ते सगळं बंद. साध्या पाण्यानं धुवा, हे मलम लावा." मलम लावायचं काम माझ्याकडं आलं. मला उमासे यायचे. त्या म्हणायच्या, "तोंड तिकडं कर, पण लाव गं, लई आग होऊन राह्यली." हात बरे झाले. वास्तुशांतीला त्या पुऱ्या वाढत आल्या, तेव्हा माझा हात नकळत ताटावर आडवा गेला.  त्यांनी आत जाऊन चिमटा आणला अन् त्यानं मला पुरी वाढली. आता किळस येते ती माझीच.