ताईचा केक मढला नेला तेव्हा

ताई घर सोडून गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ऑफिसातल्या, मढच्या एका ख्रिश्चन मुलाशी तिनं लग्न केलं. बाबांनी बजावलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत खरंच कुणी काढलं नाही. पण आई जेवणाला चार ताटं घ्यायची आणि एक गुपचूप परत मांडणीवर ठेवायची.

ताई रविवारी केक करायची. ओव्हन नव्हता. जाड पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर डबा ठेवायची. केकवर मैदा, साखर, दालचिनीची पूड आणि लोणी बोटांनी चोळून केलेला चुरा. "याला कॉफी केक म्हणतात," असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "कॉफी खंय आसा ह्यात?"

"कॉफीबरोबर खायचा, बाबा."

बाबा चहात बुडवून खायचे.

ती गेल्यावर सहा-सात महिन्यांनी, आई हळदीकुंकवाला गेली असताना, मी तो केक करायला घेतला. का, ते धड सांगता येणार नाही. घर फार गप्प झालं होतं. लोणी जास्त मऊ झालेलं, चुऱ्याचा गोळाच झाला. आणखी मैदा घालून तो मोकळा केला. थोड्या वेळानं दालचिनीचा वास बाहेरच्या खोलीत आणि तिथून जिन्यात गेला.

बाबा कामावरून आले ते जिना जवळजवळ धावतच चढून. चपलाही काढल्या नाहीत.

"इली काय गो ती?"

उत्तराची वाट न पाहता ते आतल्या खोलीत गेले. दारामागे पाहिलं. मोरीचं दार लोटून पाहिलं. त्यांचा इतका उजळलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मीच केलाय, बाबा."

ते हळूच कॉटवर बसले. "असां," एवढंच म्हणाले. केकला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच म्हणाले, "डब्यात भर. चल." बसनं आम्ही वेसाव्याला गेलो. धक्क्यावर पोचल्यावर ते खाडीपलीकडे मढला जाणाऱ्या होडीत चढेनात. "तू जा. मी हंय थांबतंय."

मढला विचारत विचारत गाठलेल्या ताईच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी बाहेर आल्या. "गेले ना ते, पोरी. दोन महिने झाले. त्याला गल्फात नोकरी लागली." पत्ता त्यांच्याकडे नव्हता. भरलेला डबा घेऊन बाबांसमोर जायची माझी हिंमत होईना. केक मी मावशींना देऊन टाकला.

"भेटली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"चुरा जास्त गोड झालाय म्हणाली."

बाबा हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून एक खोटी ताई आमच्या घरात राहायला आली. जेवता जेवता बाबा मध्येच विचारायचे, "बारीक झाली हुती काय गो?" मी म्हणायचे, थोडीशी. "साडी नेसली हुती?" निळी. आई मान वर न करता वाढत राहायची. सांगितलेलं प्रत्येक उत्तर मला लक्षात ठेवावं लागे. पुढे पुढे दुपारी घरात एकटी असले की निळ्या साडीतली ती मला दाराशी उभी दिसायची, आणि मी खोलीबाहेर पळायचे. तरी बाबांना खरं सांगता आलं नाही. तीन वर्षांनी ते गेले.

ताई आली ती त्यानंतर, कडेवर मूल घेऊन. आईनं तिला आत घेतलं. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती माझ्यावर ओरडेल.

"खरंच विचारायचे?" एवढंच तिनं विचारलं. मग मूल आईकडे देऊन ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली.