घोरपडीची टाच

सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी मोडत बसलो होतो आम्ही दोघं. खाली पेपर पसरलेला, मधे परात. माझं एक मोडून होईपर्यंत हिची तीन व्हायची. वर मलाच म्हणायची, "शेपटी कोण काढतला? तुमची आवस?" आमच्या बोलीत आवस म्हणजे आई.

नेहमीसारखं असं आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्याच रात्री सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीत कळ आली. टॅक्सी केली. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत ती बोलत होती. आतमध्ये गेल्यावर नाही बोलली.

या ग्रुपवर लोक अनुभव लिहितात, ते मी वाचत असतो. स्वतः कधी लिहिलं नाही. चौथी शिकलेला माणूस मी, मोबाईलवर एका बोटाने लिहितोय, चुका झाल्या तर झाल्या. भुतंखेतं मी मानत नव्हतो, हे आधीच सांगतो. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, पाळ्या केल्या. अमक्याला जिन्यात बाई दिसली, तमक्याला जळालेला कामगार दिसला... सगळं ऐकलं आणि हसलो. आणि मी लिहितोय ते वाचून तुम्ही घाबरणार पण नाही. मलाही भीती वाटली नाही. लाज वाटली, अजून वाटते.

लालबागला आमची चाळ आहे. दुसरा मजला, कोपऱ्याची खोली. मंडळाचं मैदान चालत दहा मिनिटांवर, परळच्या बाजूला. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, मैदान तेवढं कसंबसं वाचलंय. तिथे जुन्या कबड्डी खेळाडूंचा सत्कार आणि एक गमतीचा सामना ठरला होता. सुंगटं मोडताना आमची बोलणी त्याचीच चालली होती. कारण येणार होता दत्ता घोरपड.

आताच्या पोरांना ठाऊक नसेल. टीव्हीवरची कबड्डी बघतात ती पोरं, मॅटवरची, लाइटवाली. आमच्या वेळेला माती होती. आणि त्या मातीत गिरणीच्या टीमचा दत्ता कोपऱ्यात उभा राहायचा. एकदा चढाईवाल्याचा घोटा त्याच्या हातात आला की विषय संपला. ओढा, लाथा मारा, सुटायचा नाही. म्हणून नाव घोरपड. त्याच्या मॅचला पाळी बुडवून माणसं यायची. मी पण बुडवलीय. संप झाला, गिरणी गेली, दत्ता कराडकडे गावी गेला तो गेलाच. मुंबईला परत आलाच नाही.

त्याच्यावरून आमच्या घरात कायमचं एक भांडण होतं. एका फायनलला शेवटची चढाई. दोन्हीकडे गुण सारखे. दत्ताने घोटा धरला, मॅच आमची. मी रेषेला लागून उभा होतो. ही तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. तेव्हा आम्ही मैदानासमोरच्या चाळीत राहायचो, तिथल्या गॅलरीतून ही बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "तेची टाच भायर गेली होती. आदी टाच गेली, मगे धरल्यान." म्हणजे दत्ताच बाद. म्हणजे मॅच गेली होती.

मी ताटावरून उठलो. जन्मभर मी हेच सांगत आलो की टाच आत होती. नाक्यावर, लग्नात, मयताला, कुठेपण. आणि ही जन्मभर म्हणायची, "तुमी लायनीर होतात खरे, पण डोळे मिटून."

खोटं कशाला बोलू, मिटलेले होते. शेवटच्या चढाईला मला बघवायचं नाही.

त्या दिवशी मी म्हटलं, "मी जातोय हां मैदानात." तर म्हणाली, "जावा मगे. मी पण येतंय. तेका तोंडार इचारतंय टाचेचा." आणि सुंगटाचं डोकं माझ्या दिशेने उडवलं.

ती गेली. आम्हाला मुलगा नाही, सगळं मीच केलं. डोकं भादरलं. मुलगी नंदा डोंबिवलीहून येऊन राहिली. जिथे हिला निजवली होती तिथे दिवा ठेवला. आमच्यात तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो, एकटा पण सोडायचा नसतो. कोणीतरी खोलीत पाहिजेच. नंदा आणि मी आळीपाळीने बसायचो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी नंदा दादरला निघाली. फुलं, केळीची पानं, बाकी सामान. जाताना म्हणाली, "बाबा, तेलाची बाटली इथे बाजूला ठेवलीय. जागचे हलू नका."

"मी कुठे जाणार?" मी म्हटलं.

थोड्या वेळाने मैदानावरचा लाऊडस्पीकर सुरू झाला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. एकेकाचं नाव पुकारत होते. हा गेला, तो आजारी, याचा मुलगा आलाय सत्काराला... आणि मग तो माइकवाला ओरडला — "दत्ता घोरपड!" — आणि जी काय शिट्टी उठली!

मी दिव्याकडे बघितलं. तेल होतं. दहा मिनिटं जाऊन येऊ, असं वाटलं. जावयाची निळी टोपी खुंटीला होती, ती भादरलेल्या डोक्यावर घातली, दार ओढून घेतलं आणि उतरलो. कोणी बघू नये म्हणून मागच्या जिन्याने.

मैदानात आमच्या चाळीतला पेडणेकर भेटला. माझ्याच वयाचा. बघून चाट पडला.

"तात्या? तू इथे? दिव्यापाशी कोण आहे?"

"नंदा आहे ना घरी."

त्याने जागा करून दिली.

घोरपड मॅटवर आला. पोट सुटलेलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, ट्रॅक पँट. पेडणेकरला राहवेना, तो ओरडला, "अरे घोरपडीचा सरडा झाला रे!"

घोरपडने तिथूनच हात केला, "मंग ये की कुंपनापातुर!"

सगळं मैदान हसलं. आम्ही म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो. याने ती मॅच काढली, त्याने ती. कोणी म्हणे तेव्हाची माती अशी होती, कोणी म्हणे तेव्हाचा दम तसा होता. ज्याला खुर्चीतून उठवत नव्हतं तो पण बसल्या जागी हात पसरून पवित्रा दाखवत होता. मग चढाई आली. घोरपड कोपऱ्यात. समोरचा पण म्हातारा, लंगडत आला, पाय पुढे टाकला — आणि घोरपड खाली गेला. घोटा हातात! दोघं आडवे. मैदान फुटलं. मी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढचा माणूस वळून बघायला लागला.

आता लाजेचं सांगतो. दहा मिनिटांचा तास होऊन गेला होता. आणि तेवढ्या वेळात मला ती आठवली नाही. एकदाही नाही. घरात तिचा दिवा, डोक्यावर केस नाहीत, आणि मी शिट्ट्या मारतोय.

सामना संपला. घोरपड शाल-नारळ घेऊन खाली उतरला. लोक त्याच्या पाया पडत होते, फोटो काढत होते. तो मात्र मान वर करून कोणालातरी शोधत होता. मग सरळ आमच्याकडेच आला.

"आवं पाव्हणं, निळी टोपी म्हंजे तुमीच न्हवं?"

मी उठून उभा राहिलो. हा माणूस माझ्याशी बोलतोय, मला काही सुधरेना.

"तुमच्या मंडळींनी निरोप दिलाय. मगाशी त्या खुर्चीवर गुडघ्याला पट्टा बांधत हुतो, तर मागनं बाई बोलली. तुमची भाषा मला धड येत न्हाई... म्हनली, 'ती निळी टोपी घातलेले माजे घोव. तेंका घराक धाडा. दिव्यातला त्याल सराक इलाहा.'"

त्याने ते वेडंवाकडं म्हटलं, पाठ केल्यासारखं. तरी शब्द तिचेच होते.

पेडणेकरचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्याने काढून घेतला.

"कोण बाई?" मी विचारलं.

"आता तोंड कुटं बघितलं? मी वळूपातुर बायकांच्या गर्दीत शिरल्या. पर जाता जाता काय म्हनल्या ठावं हाय?" घोरपड हसायला लागला. "म्हनल्या, 'तुमची टाच भायर होती. माका दिसली.' आयला, सारी मुंबई मला डोक्यावर घिऊन नाचली, पर हे तोंडावर सांगनारी ही एकच. आनि खरं हाय ते. बाहीरच हुती." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या दुपारच्या गाडीनं जानार हाय मी. सकाळी चहाला येतो तुमच्याकडं. वहिनींना भेटायचंच मला."

पेडणेकर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आता सांगेन, याची वाट बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की दत्ताभाऊ, ती आता नाही. पण मग हे पण म्हणावं लागलं असतं की तेरावं व्हायच्या आत, तिचा दिवा एकटा टाकून, मी इथे तुमचा खेळ बघायला आलो.

"या," मी म्हटलं. पत्ता पण सांगितला.

पेडणेकर हळूच बोलला, "तात्या, लाज सोडलीस काय? जा, पळ आधी."

पळालो. या वयात जेवढं पळता येतं तेवढं. दार ओढलेलंच होतं, जसं मी ठेवलं तसं. आत दिव्यात तेल नव्हतं. वात तडतडत होती, ज्योत खाली बसून निळी झाली होती. मी गुडघ्यावर बसून बाटली वाकडी केली. घाईत अर्धं तेल लादीवर सांडलं. ज्योत बुडते असं वाटलं... मग वर आली.

सांडलेलं तेल मी माझ्या धोतराने पुसलं. नंदा पिशव्या घेऊन आली, दमलेली. "ट्रॅफिकमध्ये अडकले हो बाबा. तुम्ही उठला नाहीत ना?"

"नाही."

संध्याकाळी भावकीतली माणसं आली तर त्यांना कौतुकाने सांगत होती, "बाबा जागचे हलले नाहीत."

मी खूप विचार केला. चाळीतली कोणी बाई असेल, मला तिथे बघून चेष्टा केली असेल? टाचेचं भांडण तर अख्ख्या चाळीला पाठ होतं, माझा आवाजच तसा. पण सुतकातल्या माणसाची अशी चेष्टा कोणी करत नाही. आडून आडून चौकशी केली, आमच्यातली कोणी तिकडे फिरकली नव्हती. आणि बंद दाराआड तेल किती उरलंय ते मलाच माहीत नव्हतं, तर दुसऱ्या कोणाला कुठून असणार? घोरपडला तर मला बायको आहे की नाही हे पण ठाऊक नव्हतं. पेडणेकर म्हणतो, नको विचार करू. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला आजपर्यंत काही उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर लिहा, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोरपड आला. मी उजाडल्यापासून खाली चाळीच्या दारात उभा होतो, टोपी घालून. तो वर चढला असता तर पहिल्यांदा हिचा हार घातलेला फोटोच दिसला असता. लांबून गुडघे धरत येताना दिसला. हातात कापडी पिशवी.

"वहिनी हायत न्हवं?"

"गावाला गेली," मी म्हटलं. "पहाटेच. एकाएकी ठरलं."

"येकट्याच?"

"हो. एकटीच."

"कवा येत्याल?"

"सांगता येत नाही."

तो उभा राहिला. वर आमच्या मजल्याकडे बघितलं, मग माझ्या टोपीकडे, कानाच्या मागे, जिथे वस्तरा फिरलेला कळतो तिथे. पिशवीतून कागदात बांधलेली गुळाची ढेप काढली.

"घरच्या गुऱ्हाळाचा हाय. त्यांच्यासाठनं आनला हुता."

मी दोन्ही हात पुढे करून घेतला. तो जिना न चढताच वळला आणि रस्त्याला लागला. मी त्याला चहाला पण थांबवलं नाही.

वर आलो. नंदा खिरीसाठी दूध तापवत होती. ढेप बघून म्हणाली, "एवढ्या सकाळी गूळ कुठनं आणलात?"

"वाण्याकडून," मी म्हटलं, आणि विळी घेऊन गूळ चिरायला बसलो.