अर्ध्या गडावरची सभा

आमच्या घरात ठरावाशिवाय पान हलत नाही. बाबा खडकीच्या कारखान्यात होते, कामगार युनियनचे चिटणीस. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचीच युनियन करून टाकली. फ्रीज कुठल्या रंगाचा घ्यायचा यावरसुद्धा सूचक, अनुमोदक, हात वर, आणि सगळं डायरीत. अध्यक्ष कायम तेच, कारण ती निवडणूक कधी झालीच नाही.

यंदा त्यांनी मॅरेथॉनचं खूळ घेतलं. तेही पूर्ण बेचाळीस किलोमीटर! वय त्रेसष्ट, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टर म्हणाले होते, "बेताबेताने पळायला हरकत नाही." बाबांनी त्यातलं 'हरकत नाही' एवढंच घरी आणलं. सरावासाठी रविवारी सहकुटुंब सिंहगड चढायचा, असं फर्मान निघालं. आई, धाकटा भाऊ आणि मी निमूट निघालो. निमूट कसली, मी मनाशी ठरवूनच निघाले होते.

अर्ध्या वाटेवर लिंबू सरबताची टपरी लागली. मी दगडावर बसकण मारली, श्वास काही केल्या पुरेना. बाबा मात्र उभ्या जागी गुडघे छातीला लावत होते. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"मला ठराव मांडायचाय," मी म्हटलं. "बाबांनी मॅरेथॉन पळू नये."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. बाबांनी पाठीवरच्या पिशवीतून डायरी काढली आणि विचारलं, "अनुमोदक?"

भावाने ग्लास खाली न ठेवताच हात वर केला. आईनेही केला. टपरीवाले काका म्हणाले, "माझा बी हात वर हाय."

"आपण सभासद नाही," बाबा त्यांना म्हणाले. मग 'तीन विरुद्ध एक, मंजूर' असं लिहून त्यांनी आमच्या सह्या घेतल्या, पिशवी खांद्याला लावली आणि गड उतरायला लागले.

"अहो, निघालात कुठे?" आईने विचारलं.

"सराव रद्द झाला. आता चढायचं कारण काय?"

"पण वर पिठलं-भाकरी आहे!" भाऊ कळवळला.

"जेवणाचा ठराव कुठे झालाय?"

भावाने तिथल्या तिथे फेरविचाराचा ठराव मांडला. "भुकेपोटी मत फिरवणाऱ्याला आमच्या युनियनमध्ये कुणी चहासुद्धा विचारत नसे," बाबा म्हणाले. तोवर पायवाट तुंबली होती. मागचे एक आजोबा म्हणाले, "आपलं अधिवेशन संपलं की कळवा. आम्ही पुढच्या रविवारी येऊ."

तेवढ्यात आई म्हणाली, "अध्यक्ष महाराज, मला बोलायचंय." आजवर तिने सभेत नुसता हात वर केलेला. आई मूळची वर्ध्याकडची, मनातलं बोलायला लागली की तिकडची होते. "काहून पळायचं आहे तुम्हाला?"

बाबा परत वर आले आणि माझ्या शेजारच्या दगडावर बसले. "दोन वर्षं तुम्ही मला हाताला धरून रस्ता ओलांडून देताय. भाजीची पिशवी उचलू देत नाही. मी बरा झालोय, हे मला एकदा बघायचंय."

"अन् मी दवाखान्यातल्या बाकावर तुमच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते, ते?" आई म्हणाली. "मला भीती वाटते हो. तुम्ही एकटे कुठं पडले, तर मला कोण सांगणार?"

काकांनी बर्फ फोडायचं थांबवलं. बाबा डायरीची कोरी पानं उलटत राहिले. "मग काय करू, सांग," ते म्हणाले. असं त्यांनी तिला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"दुरुस्ती मांडते. बेचाळीस नाही, दहा. अन् एकटं नाही." तिने माझ्याकडे बोट केलं. "ही सोबत पळेल."

मी! जिन्याचा दुसरा मजला आला की कठड्याला लटकणारी मी! भावाने आनंदाने अनुमोदन दिलं, नालायक. तीन हात वर झाले. त्यात अध्यक्षांचाही होता.

बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "विरोधात कोण?"

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि हात अजून वरच होता. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून बसले.