ब्रेकरला लावलेली हळद

आमचे हे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या पोळ्या धरल्या. स्टीलची पट्टी घेऊन ओट्याशी उभे राहायचे. ही इकडून साडेसहा इंच आणि तिकडून सहा, असं का? मी सांगायची, पोटात गेल्यावर कोणी मोजत नाही. मग डब्यांना नंबर घातले. चार महिने मी हे सोसलं.

तेवढ्यात त्यांच्या एका जुन्या मित्राने स्किड स्टीअर लोडर घेतला. म्हशीपेक्षा थोडं मोठं मशीन. चाकं न वळवता जागच्या जागी गरकन फिरतं, म्हणून बोळातून अंगणात शिरतं. तेव्हा चेन्नईत पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा नियम निघाला होता आणि घरोघरी सिमेंटची अंगणं फोडायची होती. मित्र म्हणाला, लोडर माझा, देखरेख तुझी. पण पहिलं काम फसलं तर मी तो विकणार. ते काम व्हावं म्हणून माझ्याइतकं कोणीच देवाला सांगितलं नसेल.

फोडायला लोडरच्या पुढे हायड्रॉलिक ब्रेकर लावतात. लोडरचं तेल दोन जाड नळ्यांतून त्यात जातं, आत दट्ट्या आपटतो आणि खालची छिन्नी सिमेंट फोडते. तो निवडायला मीही गेले, कारण ह्यांना दुकानात एकटं सोडलं की मोठ्यात मोठी वस्तू घरी येते. इथेही ते सगळ्यात मोठ्या ब्रेकरपाशीच जाऊन उभे राहिले. दुकानदार बिचारा समजावत होता की लोडरचा पंप किती तेल ढकलतो ते बघा, मशीनचं वजन बघा. ह्यांचं आपलं एकच, मोठा असला की काम लवकर. शेवटी मी म्हटलं, "अहो, लहान मोटरवर मोठा दगड बसवला तर इडलीचं पीठ वाटून होतं का? आणि हे एवढं धूड पुढे लावलं तर लोडर नाकावर पडेल." दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली. आम्ही मधला ब्रेकर घेतला.

पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी तो गल्लीत आणून हवेतच वाजवून दाखवला. लोडर चालवणारा अनुभवी माणूस होता, त्याने लगेच बंद केला. छिन्नी कशावर तरी दाबलेली नसताना चालवला तर ब्रेकर स्वतःलाच मारून घेतो, म्हणाला. समोर कोणी ऐकत नसताना बोलत राहणारं माणूस मला माहीत होतं, त्यामुळे लगेच समजलं.

काम चेन्नईतल्याच वेस्ट मांबलमच्या एका तमिळ मामींच्या अंगणात ठरलं, विजयादशमीला. आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रं पूजायची, आमच्याकडे शस्त्र म्हणजे विळी आणि पक्कड, यंदा ब्रेकर. मी पूजा केली की नीट करते. छिन्नीला हळदकुंकू, चाकांना हळदकुंकू, झेंडूचा हार. नळ्या सोडवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना पितळी जोड होते, देवाच्या उपकरण्यांसारखे लखलखीत. त्यांना विसरून कसं चालेल? बोट घालून आतून हळद लावली, कालवलेली, भरपूर.

दुसऱ्या दिवशी मामी कॉफीचा टंबलर घेऊन पायरीवर बसल्या. नळ्या जोडल्या, छिन्नी सिमेंटवर टेकवली, आणि ब्रेकर दोनदा टकटक करून गप्प झाला. पुन्हा केलं, पुन्हा टकटक. मामींनी विचारलं, ह्याचा आज उपास आहे का? हे चालवणाऱ्यावर चिडले, तो म्हणाला पंप बिघडला असेल, दोघे तासभर ह्यांची नोंदींची वही काढून वाद घालत होते. मला अर्ध्या तासातच कळलं होतं. जोडाच्या कडेला पिवळी रेघ दिसत होती. पण मी बोलले नाही. बायकांनी प्रत्येक गोष्टीत पुढे पुढे करू नये.

मग ह्यांनी वही मिटली. म्हणाले, "जाऊ दे. नशिबात नाही. उद्यापासून घरीच बसतो, तुलाही मदत होईल."

मी म्हटलं, "हळद मी लावलीय. नळ्यांच्या तोंडात. काढा."

चालवणाऱ्याने इंजीन बंद केलं, नळ्यांतला दाब सोडला, जोड काढले. हळद वाळून आत खडा झाली होती. त्यामुळे जोड पुरते बसतच नव्हते आणि तेल पुढे जात नव्हतं. नशीब, तेलात गेली नव्हती. त्याने डिझेलने जोड धुतले, मी मामींचा दात घासायचा जुना ब्रश मागून घेऊन आतून घासले. पुसून बसवले तेव्हा खट्ट आवाज झाला. अंगण दुपारच्या जेवणाआधी फुटलं. मामींच्या शेजारणीने तिथेच दुसरं काम सांगितलं.

हे आता सकाळी सातला जातात. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी जोडांना रबरी टोपणं घातली, ब्रेकरवर खडूने पाच गोल काढले आणि म्हणाले, हळद ह्या गोलांतच. स्टीलची पट्टी लावून ते गोल मोजत होते. मी मोजू दिलं. ब्रेकर गल्लीत होता, स्वयंपाकघरात नव्हता.