देवाच्या लिंबाची फळी

कागदाचा कपटा फळीवर ठेवायचा, कोरायच्या यंत्राचं टोक जरा जरा खाली उतरवायचं, आणि डोळे मिटून तो कपटा दोन बोटांनी पुढंमागं ओढत राहायचं. कपटा अडला की डोळे उघडून शेजारच्या शेडातला गडी म्हणायचा, "धरलं शून्य."

तिथून यंत्र खोली मोजायला लागतं. शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकलं. हे मला त्यानंच सांगितलं. मी सुतार, जन्म रंद्या-पटाशीत गेला. "तुझं यंत्र आंधळं हाय," मी म्हणायचो.

"म्हणून तर हात धरून नेतो, आबा."

करमाडजवळ रस्त्याला आमची पत्र्याची शेडं लागून होती. भुशानं भुरा झालेला माणूस तुम्हीही येता-जाता पाहिला असेल, तोच हा. त्याचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दुष्काळात चारा राहिला नाही, टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, तेव्हा कळप विकून त्यानं हे लहानसं यंत्र सुट्ट्या भागांत आणलं आणि स्वतः जोडलं. शहर इकडं सरकत होतं. नव्या घरांच्या नावाच्या पाट्या तो कोरायचा. फळी आवळताना तिला मेंढरासारखं चुचकारायचा, "हलू नको बाई. झालंच."

मग कंपन्यांसाठी जमिनी गेल्या, त्यात त्यांच्या बिरोबाचं ठाणंही गेलं. देव नव्या जागी न्यायचा ठरला. ठाण्यापुढचा कडूलिंब पाण्यावाचून आधीच वाळला होता. त्याची धड अशी एकच फळी निघाली. देवळी लहान, तिला एका फळीचं दार पुरणार होतं.

"मेंढरं घालवली, आता देवाला मिशनीत घालतो का?" भावकीतले बोलले.

"दार मीच करणार, नक्षी कोरून," तो म्हणाला. "देवापाशी आमचं एवढंच उरलंय."

फळी एका टोकाला जाड होती. मी म्हणालो, "रंदा मारून सारखी कर."

"नाय आबा. देवाचं झाड हाय. भुसा कमी पडंल तेवढा बरा."

त्यानं बारीक बाजूला शून्य धरलं. तेवढ्यात मला दिसलं, झाडाचा शेंडा दाराच्या खालच्या अंगाला आला होता. आमच्याकडं दाराचं लाकूड झाड उभं होतं तसंच उभं करतात, बुडखा खाली.

"अरे लेका, देवाचं झाड उलटं टांगतो का? मेंढरं कधी शेपटी पुढं करून हाकली व्हय?"

त्यानं जीभ चावली, कानाला हात लावले. फळी सोडली, फिरवली, पुन्हा आवळली. जाड बुडखा आता यंत्राच्या टोकाखाली आला, शून्य मात्र बारीक शेंड्यावर धरलेलंच राहिलं. कपटा त्यानं पुन्हा घेतला नाही. बटण दाबलं. टोक लाकडात ठरल्यापेक्षा खोल घुसलं. वाळका लिंब तो, मधोमध तडकला.

मी सांगितलं ते बरोबरच होतं. आजही तेच सांगीन.

"देवाला पसंत नव्हतं," भावकी म्हणाली. तो उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. थोड्या दिवसांनी यंत्र कुणीतरी विकत घेऊन टेंपोत घालून नेलं. तो बिडकीनकडं एका कंपनीच्या फाटकावर राखणीला लागला.

एकदा भेटायला गेलो. अंगात ढगळ खाकी. ट्रक आला की आडवा दांडा वर करायचा, गेला की खाली. चहा पाजला, लाकडाचा विषय काढला नाही. निघताना मात्र म्हणाला, "आबा, देवाचं नवं दार नीट लागतंय ना?"

"लागतंय," मी म्हणालो.

देवळीला अजून दार नाही, नुसता पत्रा टेकवलेला आहे. वारं सुटलं की तो पडतो, आणि देव उघडा राहतो.