विलायतेतला कडू घास

आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात कोणी गेलं की सांगावं लागत नाही. गल्लीत रडण्याचा आवाज उठतो, बाया चमकीच्या टिक्क्या लावायला मजुरीवर घेतलेली साडी अर्धीच खाली ठेवतात आणि त्या दाराकडे निघतात. कोणी बोलावत नाही, कोणी विचारत नाही. प्रेत उचलेपर्यंत आजूबाजूच्या घरांत चूल पेटत नाही, आणि माणसं स्मशानातून परतली की शेजारपाजारचेच त्या घरी कडू घास नेतात. त्यात फोडणी नाही, गोड नाही, साधं पोटाला आधार देणारं. हे मला कोणी शिकवलं नाही. खान्देशातून सुरतेला आले तेव्हा जसं भाषा घेऊन आले तसंच हेही घेऊन आले.

तर सांगत काय होते, मुलगी विलायतेत नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने तिकडे राहून आले. लोक विचारतात कसं होतं, आणि मला अजून नीट सांगता येत नाही.

वस्ती लहानशी. घोड्याच्या नालेसारखा रस्ता आणि कडेने बारा घरं. आत यायचा रस्ता तोच बाहेर जायचा. पहिले पंधरा दिवस मला वाटलं, सगळे गावाला गेलेत. गाड्या उभ्या, पडदे ओढलेले, गवत कापलेलं, आणि माणूस दिसेल तर शपथ. मी एकदा दाराच्या पायरीवर लसूण सोलत बसले, तर समोरून जाणारी एक बाई थांबून काहीतरी विचारू लागली. मुलगी धावत आली. त्या बाईला वाटलं, माझी किल्ली आत राहिलीय आणि मी बाहेर अडकलेय. आता बाहेर बसायला किल्ली हरवावी लागते का? पण तिकडे लागत असावी.

ओळख म्हणावी तर एकाच घराशी, भिंतीला भिंत लागून असलेल्या. तिथे एक म्हातारे बाबा आणि त्यांची बाई. बाबा रोज सकाळी कुंपणावरून हात वर करायचे, मी नमस्कार करायची. मग ते आभाळाकडे बोट दाखवून तोंड वाकडं करायचे, म्हणजे आज पाऊस. अंगठा दाखवला तर ऊन. त्यांना माझी भाषा नाही, मला त्यांची नाही, पण एक दिवस खाडा नाही. कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा हे आमच्या जावईबापूंना कधी लक्षात राहायचं नाही. मुलगी पोटुशी असताना तो डबा बाबाच लावून द्यायचे.

एके सकाळी बाबा आले नाहीत. दुपारी काळी लांब गाडी आली, काळ्या कोटातले दोघं उतरले, आत गेले, काहीतरी घेऊन आले आणि गाडी गेली. दाराचासुद्धा आवाज नाही. संध्याकाळी वस्तीच्या ग्रुपवर मेसेज आला, तो मुलीने वाचून दाखवला. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. दुपारी आमच्यासमोरून गेले ते तेच.

मी उठून गॅस बंद केला. बाजरीची भाकरी तव्यावर होती, ती तशीच राहिली.

"मम्मी, काय करतेस?"

"अगं, शेजारी मयत झाली. अजून अग्नी दिला नाही. कधी देणार, उद्या?"

मुलीने परत मोबाइल पाहिला. "तीन आठवड्यांनी. गुरुवारी."

मला वाटलं ही माझी मस्करी करतेय. पण नाही. तिकडे वार ठरतो, वेळ मिळते, मग सगळ्यांना कळवतात. तोवर बाबा कुठे तरी थंडीत. आता मी काय करावं? घरात ओली बाळंतीण, तिला गरम खायला नको? आणि तीन आठवडे चूल बंद ठेवायची कशी? जावईबापू गरीब माणूस, ते हळूच म्हणाले की मम्मी, मायक्रोवेव्हला चूल धरत नसतील. मुलगी हसू दाबत होती. मला हसू येत नव्हतं. माझं म्हणणं इतकंच, की प्रेत घरातून उचललं हे खरं, पण ते पोचलं कुठे? मग उचललं धरायचं की नाही?

शेवटी गोडादऱ्यात शेजारणीला फोन लावला. ती आमच्या गल्लीची कोर्टकचेरी. ती म्हणाली, "मरेल माणूसले तीन आठवडा ठेवतस का कोठे?" मी म्हटलं, ठेवतात. तिने विचार केला आणि निकाल दिला, की गाडीत घालून उंबऱ्याबाहेर नेलं ना, मग उचललं, पेटव गॅस. आणि ठेवता ठेवता विचारलं, "कडू घास कोनी दिना?"

तिथेच माझं चुकलं. तोवर मी आमच्याच गॅसचा विचार करत होते. खिडकीतून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कोणी फुलं ठेवून गेलं, कोणी सांत्वनाच्या चिठ्ठीचं पाकीट दारातून टाकून गेलं, आत कोणी गेलं नाही. बाबांची बाई स्वतः बाहेर आली, ओठांना लाली, गळ्यात रुमाल, आणि कुत्र्याला फिरवून आली. तिला दुःख झालंय की नाही हेच मला कळेना. जेवली असेल का, तेही कळेना.

माझं तिकीट होतं त्या गुरुवारच्या आधीचं. म्हणजे जायचं तर आत्ताच. जावईबापू म्हणाले, मम्मी, इथे न कळवता नाही जात कोणाकडे, मी आधी मेसेज करून विचारतो. मी म्हटलं, बापू, विचारून लग्नाला जातात. दुःखाच्या दारी विचारलं तर माणूस नको तुम्हाला त्रास म्हणणार, आणि आपण बरं म्हणून घरी बसणार. पण त्यांना त्या वस्तीत राहायचंय, मी तर चालले, हे मलाही दिसत होतं. माझ्यामुळे त्यांना कोणी काही बोललं असतं तर?

चौथ्या दिवशी दुपारी जावई कामावर, मुलगी बाळाजवळ झोपलेली. मी बिनाफोडणीची खिचडी केली, पदराखाली पातेली धरली आणि शेजारची घंटी वाजवली.

बाईने दार उघडलं. माझेच डोळे भरून आले. तर तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत घेतलं. म्हणजे समजूत कोणी कोणाची काढायची तेही उलटं. खुर्च्या होत्या, पण मयतीच्या घरी खुर्चीवर कसं बसायचं? मी भिंतीला टेकून खाली बसले. ती घाबरली, मला उठवायला हात धरू लागली. मी हात जोडून नाही म्हटलं. मग ती एका हाताने सोफा धरत, गुडघे कुरकुरत, हळूहळू माझ्याशेजारी खाली बसली. कुत्रं मध्ये येऊन आडवं झालं.

मग मी पातेलीवरचं झाकण काढलं. ती कशीबशी उठली, आतून दोन वाट्या आणि दोन चमचे घेऊन आली. दोन. एकीत मला वाढलं. आता आली का पंचाईत? मयतीच्या घरचं आपण पाणीसुद्धा पीत नाही, आणि ही मला कडू घासात जेवायला बसवतेय. मी खुणेने सांगितलं, तू खा. तिने माझ्याकडे हात केला, तू आधी. मी परत तिच्याकडे. ती चमचा हातात घेऊन हसत बसून राहिली, पाहुणीने सुरुवात केल्याशिवाय ती तोंडाला लावणार नव्हती. ही तिकडची रीत की तिचीच, देव जाणे. इकडे खिचडी गार व्हायला लागली. तिची नजर मात्र वाटीवरून हटत नव्हती. ही चार दिवस जेवली नसावी असं मला वाटलं. चुकीचंही असेल.

मी देवाची माफी मागितली आणि एक घास खाल्ला. मग तिने खाल्ला. दुसरा, तिसरा, खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाटीत पडायला लागलं आणि ती पुसेना, खातच राहिली. लाली सगळी गेली. मीही तिच्याबरोबर खात राहिले, कारण मी थांबले की ती थांबायची.

निघताना आपण अशा घरी येते म्हणत नाही. मी न बोलताच उठले. ती दारापर्यंत आली आणि मी आमच्या दारात शिरेपर्यंत उभी होती.

गोडादऱ्यात आल्यावर हे सांगितलं तर शेजारीण कपाळाला हात लावून बसली. घास द्यायला गेलीस की खायला गेलीस, असं म्हणाली. दुसरी म्हणते, तिने तुला जेवायला सोबत मागितली, त्यात पाप कसलं? मी दोघींचं ऐकून घेते. त्या गुरुवारी मुलगी बाळाला घेऊन बाबांच्या अंत्यविधीला गेली होती, फोनवर म्हणाली की बाई सगळ्यांच्या पुढे बसली होती आणि तिने मुलीला बोलावून आपल्या शेजारी बसवलं. मी विचारलं, मग जेवली का ती? मुलगी म्हणाली, मम्मी, मला नाही माहीत गं, मी बघितलं नाही.