फुग्यांचं औषध

मी सातवीत असताना एका सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. डावा डोळाही मिटेना. आम्ही तेव्हा पारनेरला राहायचो. आईने माझा चेहरा पाहिला आणि मिळेल त्या एसटीने मला नगरला, सावेडीतल्या डॉक्टरांकडे नेलं. चेहऱ्याची नस सुजली आहे, असं ते म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "रोज फुगे फुगवायचे, च्युइंगम चघळायचं."

फुग्यांचं पाकीट आईने स्टँडवरच घेतलं. सुरुवातीला फुंकलेली हवा डाव्या बाजूने नुसती फुर्रकन निघून जायची आणि मला रडू यायचं. आई ओठांचा तो कोपरा बोटांनी दाबून धरायची. "फुंक आता जोरात," एवढंच म्हणायची. तिने एरवी कधी च्युइंगम तोंडात घातलं नव्हतं, पण मला एकटीला लाज वाटू नये म्हणून तीही चघळत चघळत भाकऱ्या थापायची. शाळेत मात्र मी तोंडाला रुमाल लावून बसायचे.

महिनाभराने एक फुगा आईच्या बोटांशिवाय फुगला. मी तो तसाच तोंडात धरून चुलीपाशी गेले. आईने बघितलं, हात पुसले आणि म्हणाली, "जमलं की! आता दुसरा घे."

पुढे चेहरा जवळजवळ सरळ झाला. हसताना डावा डोळा अजून किंचित बारीक होतो. नव्या माणसांना तो मिश्किलपणा वाटतो. मी काही खुलासा करत नाही.